कौन्सिलचा निकाल कसा पाहावा : अगदी नवशिक्यांसाठी

साहित्य : बरो एक, शक्यतो लंडनच्या काठावरचा. मे महिन्यातला पहिला गुरुवार. दोरीला बांधलेली पेन्सिल. चहा लागेल तितका. संयम भारतातून येताना सामानात टाकला असेल तर काढून ठेवावा, इथे सुटा मिळत नाही.

ही पुस्तिका अशा वाचकासाठी आहे, जो पुण्याहून, ठाण्याहून किंवा नाशिकहून इंग्लंडात येऊन जरा स्थिरावलाय, ज्याला कचऱ्याच्या डब्यांचे रंग पाठ झालेत आणि ज्याच्या दारात एप्रिलमधल्या एका संध्याकाळी छातीवर निळं कापडी फूल लावलेला गृहस्थ येऊन उभा राहतो. मला असा गृहस्थ पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं, याच्या कुत्र्याला प्रदर्शनात बक्षीस मिळालं असावं. त्या फुलाला रोझेट म्हणतात. निळं असेल तर हुजूर पक्ष, लाल असेल तर मजूर पक्ष, नारिंगीकडे झुकणारं पिवळं असेल तर लिबरल डेमोक्रॅट. हिरव्याचा अर्थ सांगायला नको. हुजूर आणि मजूर ही नावं आपल्या वर्तमानपत्रांनी फार पूर्वी पाडली आणि इतक्या दूरच्या पक्षांना इतकी यमकात बसणारी नावं देणारी भाषा आपलीच, याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

आधी विसरा

निकालाचा दिवस म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एक चित्र येतं. ते पुसून टाका, नाहीतर दिवसभर हिरमोड होत राहील.

'पंधराव्या फेरीअखेर अमुक आघाडीवर' हे वाक्य इथे ऐकू येणार नाही. प्रभागाचा निकाल एकदम, अख्खा, शिजवून वाढला जातो. झाकण उघडून मध्येच चव बघायची सोय नाही. 'डिपॉझिट गुल' हेही नाही. संसदेच्या निवडणुकीत उमेदवाराला पाचशे पौंड अनामत भरावी लागते, कौन्सिलच्या निवडणुकीत छदामही लागत नाही. जे भरलंच नाही ते जप्त कसं होणार? सगळ्यात तळाला राहिलेला माणूस कोट घालतो, सर्वांशी हस्तांदोलन करतो आणि बस पकडतो. गुलाल नाही, डीजे नाही, जेसीबीतून फुलं नाहीत. बोटाला शाईसुद्धा नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोट वर करून दाखवण्याचा आनंदही गेला.

एवढं पुसल्यावर उरतं काय, असं वाटत असेल तर थांबा. उरतं ते बरंच आहे, फक्त बारीक अक्षरात आहे.

बरो म्हणजे काय

लंडनमध्ये बत्तीस बरो आहेत. १९६३ च्या कायद्याने ते आखले गेले आणि १९६५ मध्ये कारभाराला लागले. सिटी ऑफ लंडन नावाचा जुना चौरस मैल या बत्तिसांत धरत नाहीत, त्याचं सगळंच निराळं. बहुतेक बरो दोन-तीन जुन्या नगरपालिका एकत्र करून झाले. वायव्येचा हॅरो तेवढा अपवाद, तो आधीही एकटा होता, नंतरही एकटाच राहिला. प्रत्येक बरोचं एक कौन्सिल, कौन्सिलचे प्रभाग, प्रभागातून दोन-तीन नगरसेवक. दर चार वर्षांनी सगळ्या जागांची निवडणूक एकाच दिवशी. लंडनबाहेर गेलात तर अनेक ठिकाणी दरवर्षी एक तृतीयांश जागाच निवडणुकीला निघतात आणि चौथं वर्ष रिकामं जातं. नवशिक्याने आपला लंडनचाच बरो धरावा. अर्धवट बदलणारं कौन्सिल समजून घेणं म्हणजे भाडेकरू असतानाच घराचं काम काढण्यासारखं आहे.

पाकीट

आता मुख्य साहित्य, म्हणजे तुम्ही.

मी इथे आल्यावर जवळजवळ वर्षभर दारातून आत पडणारी एक विशिष्ट पाकिटं पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून देत होतो. परक्या देशात, भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या माणसाला मतदार यादीचं पत्र कशाला येईल? चुकून आलं असणार. ते चुकून आलेलं नव्हतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक, म्हणजे आपणही, इथे रीतसर परवानगीने राहत असलो तर ब्रिटिश नागरिकत्व न घेताही मत देऊ शकतो. कौन्सिलसाठी देऊ शकतो, संसदेसाठीही देऊ शकतो. इतकंच काय, कायम राहण्याची परवानगी मिळालेली असेल तर उभेही राहू शकतो.

आणि आपल्याकडचे लोक उभे राहिलेले आहेत. व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ मध्ये लंडनच्या सेंट पँक्रस बरोत मजूर पक्षाचे नगरसेवक झाले आणि १९४७ पर्यंत होते. तिथल्या वाचनालयांसाठी त्यांनी केलेलं काम अजून सांगितलं जातं. हेच मेनन १९५७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. संरक्षणमंत्री म्हणून त्यांच्याबद्दल आपलं जे काही मत असेल ते असो, पण मुंबईच्या या खासदाराचा पहिला मतदारसंघ लंडनचा एक प्रभाग होता, तिथे तो पुस्तकांच्या कपाटांसाठी भांडत होता, ही गोष्ट मला फार आवडते.

पर्दा

निवडणूक जाहीर झाली की कौन्सिलच्या अधिकाऱ्यांवर बंधनं येतात. नव्या योजनांचा गाजावाजा करायचा नाही, कुठल्या पक्षाला फायदा होईल असं पत्रक काढायचं नाही. आपण याला आचारसंहिता म्हणतो. इंग्लिश टाउन हॉलमध्ये याला वर्षानुवर्षं 'पर्दा' म्हणत आलेत. होय, आपलाच, खिडकीवरचा. हल्ली कागदोपत्री 'निवडणूकपूर्व काळ' असं सोज्वळ नाव वापरतात, पण जुने कर्मचारी अजून 'आम्ही पर्द्यात आहोत' असंच म्हणतात. वसाहतींतून काय काय नेलं याच्या यादीत हा शब्दही लिहून ठेवावा.

पर्द्याच्या काळात दारात पत्रकांचा पाऊस पडतो. ती वाचण्याची एक रीत आहे. पहिल्या पानावर उमेदवार रस्त्यावरच्या खड्ड्याकडे बोट दाखवत उभा असतो. चेहरा गंभीर, जणू खड्ड्यात कोणी नातेवाईक गेलाय. आतल्या पानावर खांबांचा आलेख असतो, त्यात त्या पक्षाचा खांब गगनचुंबी आणि तिसऱ्या पक्षाचा खांब पायपुसण्याएवढा. 'इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो' असं वर लिहिलेलं. आलेखातल्या आकड्यांशी खांबांच्या उंचीचा संबंध आहे का, हे फूटपट्टीने मोजून पाहावं. मुलांना गणित शिकवायला उत्तम. या कलेत लिबरल डेमोक्रॅटांचा हात कोणी धरू शकत नाही, असं बाकीचे सगळे पक्ष म्हणतात आणि मग तेही तेच करतात.

पत्रकात काय नसतं तेही बघावं. कौन्सिलच्या खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा जातो तो वृद्धांची आणि अपंगांची देखभाल, आणि ज्या मुलांना घरात सुरक्षित राहता येत नाही त्यांचा सांभाळ, यावर. निवडणूक मात्र लढली जाते कचऱ्याचा डबा, पार्किंग आणि खड्डा यांवर, कारण ते दारातून दिसतं. घरपट्टीच्या जागी इथे कौन्सिल टॅक्स. इंग्लंडात तो ठरतो तुमचं घर १ एप्रिल १९९१ रोजी किती किमतीला विकलं गेलं असतं यावर. घर २००५ मध्ये बांधलेलं असलं तरी. जे घर तेव्हा अस्तित्वातच नव्हतं त्याची तेव्हाची किंमत ठरवणाऱ्या देशाला आपण ज्योतिषावरून हसू नये.

आणि पैसे संपले तर? कौन्सिलला कर्ज काढून रोजचा खर्च भागवता येत नाही. हिशोब जुळण्याची आशा संपली की अर्थाधिकारी '११४ कलमाची नोटीस' काढतो. क्रॉयडनने २०२० मध्ये, स्लाउने २०२१ मध्ये आणि बर्मिंगहॅमने २०२३ मध्ये ही नोटीस पाहिली. ती आली की पत्रकांवरचे खड्डे अचानक फार छोटे वाटू लागतात.

गुरुवार

मतदान सकाळी सात ते रात्री दहा. सुट्टी नसते, कामावर जाता-येता उरकायचं. केंद्र शाळेत, चर्चमध्ये, कुठे पबमध्ये, क्वचित कपडे धुण्याच्या लाँड्रेटमध्येही. लोक कुत्र्यांना घेऊन येतात आणि दाराशी त्यांचे फोटो काढतात. त्या दिवशीच्या बातम्यांवर निर्बंध असल्याने प्रसारमाध्यमांनाही कुत्र्यांचा मोठा आधार असतो.

दाराबाहेर रोझेटवाला कार्यकर्ता तुमचा मतदार क्रमांक विचारेल. त्याला टेलर म्हणतात. शिवणकामाचा नव्हे, मोजणारा. घाबरू नका, तो कोणाला मत दिलंत हे विचारत नाही. आपल्या बाजूची कोणती मंडळी अजून घरात बसली आहेत हे त्याला संध्याकाळी ठाऊक असावं, म्हणजे त्यांना जाऊन उठवता येईल, एवढाच हेतू. नंबर सांगणं बंधनकारक नाही. मी सांगतो, कारण थंडीत उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी मिळालं पाहिजे.

२०२३ पासून फोटोचं ओळखपत्र लागतं. आधार चालत नाही. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुल. साठीच्या पुढच्यांचा बसचा पास चालतो, तरुणांचं सवलतीचं रेल्वेकार्ड चालत नाही. का, हे विचारून तरुण दमले.

आत गेल्यावर मतपत्रिका आणि ती दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिलच का, असं विचारणारे संशयी लोक इथेही आहेत आणि ते खिशातून पेन आणतात. दोन्ही चालतं. शिक्का नाही, बटण नाही, व्हीव्हीपॅट नाही. फुली मारायची.

फुल्या किती? हीच नवशिक्याची पहिली खरी परीक्षा. प्रभागात तीन जागा असतील तर तीनपर्यंत फुल्या. पुण्याच्या चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या जागा असतात, प्रत्येकीचं वेगळं मत. इथे तसं नाही. एकच पत्रिका, सगळ्यांची नावं एकाखाली एक, त्यातून कोणतेही तीन उचला. एका पक्षाचे तीन, किंवा दोन इकडचे एक तिकडचा, किंवा फक्त एक आणि बाकीच्यांना काही नाही. चार मारल्यात तर सगळंच बाद.

नावं लागतात आडनावांच्या रोमन अक्षरक्रमाने, पक्षाप्रमाणे नव्हे. त्यामुळे एक गंमत होते, ती अभ्यासकांनी लंडनच्या निकालांत पुन्हा पुन्हा मोजून दाखवली आहे. एकाच पक्षाच्या तिघांपैकी ज्याचं आडनाव वर असतं त्याला थोडी जास्त मतं पडतात. मतदार वरून खाली येतो आणि खालपर्यंत येताना दमतो. तेव्हा तुमचं आडनाव आगाशे किंवा आपटे असेल तर उभं राहण्याचा गंभीरपणे विचार करा. वाघ असाल तर जपून. झेंडे मंडळींनी दुसरं काहीतरी करावं.

मोजणी

काही बरो गुरुवारी रात्रीच मोजायला बसतात, काही शुक्रवारी सकाळी. जागा बहुतेक वेळा क्रीडा संकुलाची. बॅडमिंटनच्या कोर्टावर लांब टेबलं, टेबलाच्या एका बाजूला मोजणारे, दुसऱ्या बाजूला पक्षांचे प्रतिनिधी, मध्ये फूटभर अंतर आणि भरपूर अविश्वास. मी एकदा ओळखीच्या उमेदवाराच्या आग्रहाने मोजणी प्रतिनिधी म्हणून गेलो होतो. रात्री दोन वाजता सँडविच संपली आणि माझा लोकशाहीवरचा विश्वास अर्धा तास डळमळला.

आधी पडताळणी. पेटी उघडून पत्रिका मोजायच्या, केंद्रावर दिलेल्या पत्रिकांच्या हिशोबाशी जुळवायच्या. कोणाला किती हे अजून कोणी मोजत नाही, निदान अधिकृतपणे. पण टेबलापलीकडचे प्रतिनिधी माना तिरक्या करून बघत असतात आणि पाटीवरच्या कागदावर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असा जमाखर्च चालू असतो. इतक्या घाईने का? कारण पडताळणी झाली की प्रत्येक केंद्राच्या पत्रिका दुसऱ्या केंद्राच्या किंवा टपालाने आलेल्या मतांत मिसळल्याशिवाय मोजता येत नाहीत. कायदाच तसा आहे. कोणत्या गल्लीने दगा दिला हे कधीही बाहेर येऊ नये म्हणून. 'अमुक बूथवर आपल्याला फटका बसला' हे आपल्याकडचं आवडतं पोस्टमॉर्टेम इथे करायचं असेल तर ते मिसळण्याआधीच्या त्या वीस मिनिटांत, मान मोडून करावं लागतं.

मग खरी मोजणी. ज्यांनी तिन्ही फुल्या एकाच पक्षाला दिल्या त्या पत्रिका सोप्या. बाजूला काढा, गठ्ठे बांधा, मोजा. त्रास देतात ते मिश्र मतदार. त्यांच्या पत्रिका एका मोठ्या तक्त्यावर एकावर एक अशा सरकवून लावतात की फक्त फुल्यांची किनार दिसत राहावी, मग प्रत्येक उमेदवाराच्या ओळीतून आडवं मोजत जायचं. पत्रिकांच्या झिरमिळ्या लोंबणाऱ्या या तक्त्याला मोजणीतली मंडळी 'ग्रास स्कर्ट' म्हणतात, गवताचा घागरा. पूर्ण सुटातला अधिकारी गंभीरपणे 'घागरा इकडे आणा' म्हणतो तेव्हा हसायचं नसतं. मी हसलो होतो.

बाद मतांचा निवाडा हा दिवसातला सर्वोत्तम भाग. निवडणूक अधिकारी, बहुतेक वेळा कौन्सिलचाच मुख्य कार्यकारी, शंकास्पद पत्रिका एकेक उचलून सगळ्यांना दाखवतो. नियम असा की मतदाराचा हेतू स्पष्ट दिसला तर मत धरायचं. बरोबरची खूण चालते, हसरा चेहरा चालतो. नाव किंवा सही केली तर बाद, कारण मतदार ओळखू येतो. २०१५ च्या संसदीय निवडणुकीत वेल्समधल्या एका मतदाराने एका उमेदवाराच्या चौकटीत फुलीऐवजी पुरुषी अवयवाचं सविस्तर चित्र काढलं होतं. चित्र चौकटीच्या आत नीटनेटकं बसलं होतं, म्हणून मत वैध ठरलं. ही हकिगत ज्याला ते मत मिळालं त्या विजयी उमेदवारानेच नंतर जाहीर केली. इंग्लिश कायद्याचा आत्मा कुठे राहतो असं कोणी विचारलं तर मी या चौकटीकडे बोट दाखवतो.

फरक फार थोडा असेल तर फेरमोजणी. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून संसदेवर गेले ते अवघ्या पाच मतांनी, आणि 'नौरोजी' हे नाव उच्चारायला कठीण वाटणाऱ्या इंग्रजांनी त्यांना 'नॅरो मेजॉरिटी' म्हणायला सुरुवात केली. मतं अगदी समान पडली तर नशीब. २०१७ मध्ये नॉर्थंबरलँड काउंटीत साउथ ब्लाइदची जागा अशीच अडली. काड्या ओढल्या. लांब काडी लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराच्या हाती आली आणि सदुसष्टपैकी तेहतीस जागा जिंकलेल्या हुजूर पक्षाचं बहुमत त्या एका काडीने हुकलं. हसू नका, त्याच वर्षी मुंबई महापालिकेच्या २२० व्या प्रभागाचा निकाल चिठ्ठी काढूनच लागला.

निकाल वाचणे : हॅरोचा नमुना

शिकण्यासाठी ताजा निकाल घेऊ नये, ताज्यात लोक अजून भांडत असतात. मुरलेला घ्यावा. मी ५ मे २०२२ चा हॅरोचा घेतो. इथे आपल्या माणसांची वर्दळही आहे, २०२१ च्या जनगणनेत हॅरोतला दर चौथा माणूस हिंदू होता. लंडनचं महाराष्ट्र मंडळ, १९३२ पासूनचं, शेजारच्या ब्रेंटमध्ये डॉलिस हिलला आहे. गणपतीला तिथे जाणारे बरेच पाय हॅरोतून निघतात.

आधी एकूण जागा बघा. २०१८ मध्ये त्रेसष्ट होत्या, प्रभागांची फेरआखणी झाली आणि २०२२ मध्ये पंचावन्न राहिल्या. बावीस प्रभाग, निम्मे तीन जागांचे, निम्मे दोनचे. त्यामुळे 'मागच्या वेळेपेक्षा इतक्या जागा कमी' असं जो लगेच सांगतो, त्याने दोन वेगळ्या कापडांच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. बहुमताला अठ्ठावीस. हुजूर एकतीस, मजूर चोवीस. बाकी कोणी नाही. २०१८ मध्ये मजूर पस्तीस, हुजूर अठ्ठावीस होते, म्हणजे सत्ता पालटली.

आता त्याच दिवशी आसपास काय झालं ते बघा. वँड्सवर्थ १९७८ पासून हुजूर पक्षाकडे होतं, ते मजूर पक्षाने घेतलं. वेस्टमिन्स्टर स्थापनेपासून हुजूर, तेही गेलं. हॅरोला खेटून असलेलं बार्नेट पहिल्यांदाच पूर्णपणे मजूर पक्षाच्या हाती आलं. पंतप्रधान बोरिस जॉन्सनना लॉकडाउनमधल्या मेजवानीबद्दल दंड होऊन महिनाही झाला नव्हता. लंडनभर वारा एका दिशेला आणि हॅरोचं पान उलट्या दिशेला.

दूरचित्रवाणीवर त्या रात्री वारा सांगितला गेला. ते स्वाभाविक आहे, स्टुडिओत वाराच दिसतो. प्राध्यापक जॉन कर्टिस आणि त्यांचे सहकारी काही निवडक प्रभागांच्या निकालांवरून 'आज देशभर मतदान झालं असतं तर काय' असा अंदाज बांधतात आणि तो बऱ्यापैकी गांभीर्याने घ्यावा असाच असतो. पण त्या आकड्याखाली प्रत्येक बरो स्वतःचं भांडण भांडत असतो. आठ वर्षं सत्तेत असलेल्या पक्षाचा लोकांना कंटाळा येतो, डबा दोनदा उचलायचा राहिलेला असतो, प्रभागाची रेघ एका रस्त्याने सरकलेली असते. बार्नेट आणि हॅरो यांच्यामधून एक रस्ता जातो, एजवेअर रोड. त्या रात्री त्याच्या एका बाजूला एका पक्षाने पेढे वाटले आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याने. पंतप्रधान दोन्हीकडे तोच होता.

नवशिक्याने आणखी एक सवय लावून घ्यावी : शून्यं मोजण्याची. २०२२ मध्ये लुइशममधल्या चौपन्नच्या चौपन्न जागा मजूर पक्षाला मिळाल्या, बार्किंग अँड डॅगनममध्ये एक्कावन्नच्या एक्कावन्न. तिथल्या प्रत्येक माणसाने मजूर पक्षाला मत दिलं असं नाही. ज्याला सर्वांत जास्त तो जिंकला, या नियमाला तीन-तीन फुल्यांची जोड मिळाली की विरोधक सभागृहातून पुसले जातात आणि फक्त रस्त्यावर उरतात. मग विरोधी पक्षाचं काम सत्ताधाऱ्यांतलेच दोन नाराज करतात. ही सोय मला मुळीच पसंत नाही, आणि जिंकणाऱ्यांतल्याही समजूतदार लोकांना ती नसते, असं त्यांच्याशी बोलताना जाणवतं. फक्त ते रेकॉर्डवर म्हणत नाहीत.

सगळ्यात दुर्दैवी प्राणी म्हणजे कागदी उमेदवार. प्रभागात आपलं काही नाही, पण नाव तरी असावं म्हणून पक्षाने शेजाऱ्याला गळ घातलेली असते, 'निवडून नाही येणार, शपथ'. आणि एखाद्या वर्षी वारा असा सुटतो की तो निवडून येतो. मोजणीच्या सभागृहात हसरा चेहरा शोधू नका, घाबरलेला शोधा. तो तोच.

उद्यापन

अधिकारी मंचावर येतो, मी अमुक प्रभागाचा निवडणूक अधिकारी याद्वारे घोषित करतो की, असं सुरू करतो आणि उमेदवारांची मतं अक्षरक्रमाने वाचतो. त्यामुळे आपटे किती पडले हे आधी कळतं आणि वाघ जिंकले की नाही यासाठी श्वास रोखून धरावा लागतो. एक जल्लोष, थोड्या टाळ्या, पुढचा प्रभाग. नवे नगरसेवक मतदानानंतर चौथ्या दिवशी, म्हणजे सोमवारी पदावर येतात, पण काम सुरू करण्याआधी पद स्वीकारल्याची सही करावी लागते. पगार नाही, भत्ता आहे. काही आठवड्यांत कौन्सिलची वार्षिक सभा भरते आणि नेता निवडला जातो, हॅरोत २०२२ मध्ये पॉल ऑसबोर्न. गळ्यात सोन्याची साखळी घातलेला जो महापौर दिसतो तो बहुतेक ठिकाणी वर्षभर फिती कापण्यापुरताच असतो. थेट निवडून आलेला, खरी सत्ता असलेला महापौर तेव्हा बत्तिसांपैकी पाचच बरोंत होता, त्याला साखळीची गरज भासत नाही.

एक आकडा मात्र कोणी मंचावरून ठासून सांगत नाही. अशा निवडणुकीत सहसा दहातले सहाहून जास्त मतदार येतच नाहीत. एकतीस-चोवीससारखा सगळा हिशोब फक्त आलेल्यांचा.

स्वाध्याय

एक : तुमच्या प्रभागात किती नगरसेवक आहेत? नावं सांगा. एकाचं आलं तरी पूर्ण गुण.

दोन : कचऱ्याचा डबा उचलला गेला नाही म्हणून तुम्ही शेवटचं कोणाला लिहिलं? 'बायकोला' हे उत्तर धरलं जाणार नाही.

तीन : दारातल्या पायपुसण्यावर, पिझ्झाच्या कागदाखाली, तुमच्या कौन्सिलचं एक पाकीट पडलेलं असेल. मतदानाच्या आधी कामाचे बारा दिवस राहीपर्यंत नाव नोंदवता येतं, ऑनलाइन पाच मिनिटं लागतात. ते आजच उघडा.